चूक काढणारा माणूस

आमचे दाजी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नाच्या बोलण्यांत आमच्या आईनं त्यांना समोर बसवून विचारलं होतं, "तुम्ही नेमकं करता काय?" दाजी म्हणाले, "विचार करतो." आई म्हणाली, "विचार आम्हीही करतो. तुम्हाला पगार कशाचा मिळतो?" याचं उत्तर दाजींना तेव्हा देता आलं नाही, आणि पुढे विद्यापीठालाही ते कधी नीटसं सापडलं नाही. पण ताईनं मनाशी आधीच ठरवलेलं होतं, आणि आमच्या घरात ताईपुढे कुणाची मात्रा चालत नसे.

ताईचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर उभी राहून ती डॉक्टरांची अक्षरं लावते. तिच्या धंद्यात चूक झाली तर माणूस दगावतो, आणि दाजींच्या धंद्यात चूक झाली तर वर्षानुवर्षं कुणाच्या गावीही नसतं. अशा दोघांचा संसार कसा झाला, हे मला विचारू नका. झाला, आणि चांगला झाला. मूलबाळ नव्हतं. ताई बोलायची, दाजी ऐकायचे, आणि पाच मिनिटांनी "काय म्हणालीस?" असं विचारायचे.

मी त्यांच्याच खात्याच्या कार्यालयात. लोकांची अजून समजूत आहे की दाजींनी मला चिकटवलं. कसले चिकटवतायत! मी अर्ज केला, परीक्षा दिली, रुजू झाले, आणि एक दिवस सहीसाठी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर चष्मा वर करून म्हणाले, "धाकटे, तू इथं कशी? घरी सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, "दाजी, मी इथंच नोकरीला आहे. चार महिने झाले." "अस्सं," ते म्हणाले आणि सही भलत्याच ओळीवर केली. तेव्हापासून घरी दाजी आणि खात्यात सर, असा आमचा करार झाला. तो मी पाळला. त्यांच्या लक्षात राहिला नाही.

आमचं विद्यापीठ सरकारी. मुख्य इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लांबच लांब बोळाच्या टोकाला सैद्धांतिक शाखेच्या खोल्या होत्या. खाली प्रयोगवाल्यांचे पंप दिवसरात्र घरघरत आणि वर दाजींच्या टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळत जाई. खोलीत एक फळा, एक खुर्ची, पाहुण्यासाठी दुसरी डुगडुगती खुर्ची, आणि खिडकीतून दिसणारा सायकलींचा तळ. यंत्र म्हणून काही नाही. प्रयोगवाल्यांना दरवर्षी काही ना काही लागे आणि मागताना त्यांच्या घशाला कोरड पडे. सैद्धांतिकवाले खडू मागत. इतकी स्वस्त माणसं सरकारला आवडायला हवी होती. पण ज्याला काही लागत नाही, त्याची कुणाला आठवणही राहत नाही.

शाखेत एके काळी पाच जण होते. एक परदेशी गेला तो तिकडचाच झाला. एक वारला. एकाला दुसऱ्या विद्यापीठानं नेलं. एक कुलगुरूंच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर गेला, म्हणजे तोही मेल्यातच जमा. उरले दाजी.

या लोकांचा एक रिवाज होता. शाखा ज्यांनी सुरू केली त्या थोरल्या सरांनी तो घालून दिला होता. कुणाच्या गणितात चूक सापडली, तर ती चारचौघांत बोलायची नाही. ज्याची चूक त्याच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि त्याला एकट्याला सांगायचं. मग गुरुवारी चहाला सगळे जमले, की ज्याची चूक त्यानंच उठून म्हणायचं, "चूक माझी. शोधली अमक्यानं." बस्स. रागवायचं नाही, सबब सांगायची नाही, आणि शोधणाऱ्याचं नाव गाळायचं नाही. ज्याचं नाव घेतलं जाई, त्याचा त्या दिवशी मोठा मान. दाजी तरुण असताना त्यांनी खुद्द थोरल्या सरांची चूक काढली होती आणि त्याच आठवड्यात सरांनी त्यांना कायम केलं होतं. ही गोष्ट दाजी लग्नाची आठवण सांगावी तशी सांगत. लग्नाची सांगत नसत, कारण ती तारीख त्यांना आठवत नसे.

मी एकदा विचारलं होतं, "एवढं काय त्या चुकांचं कौतुक?" दाजी म्हणाले, "खालच्यांचं चुकलं तर त्यांचं यंत्रच त्यांना सांगतं. आमच्याकडे यंत्र नाही. आम्हाला माणूसच लागतो."

आता दाजींच्या त्या एका निकालाबद्दल. मला कळलं तेवढं सांगते, जास्त विचारू नका. समजा अणूंची एक लांब साखळी आहे, आणि अणू सगळे सारखे नाहीत, कुठे जड, कुठे हलका, वेडेवाकडे. एका टोकाला ऊब दिली, तर ती दुसऱ्या टोकाला पोचते का? सगळे म्हणत होते, वाटेतच जिरते. दाजींनी तरुणपणी दाखवून दिलं की एका प्रकारच्या साखळीत ती जिरत नाही. साखळी कितीही लांब करा, थोडी का होईना, पोचते. हा निकाल देशोदेशीच्या लोकांनी वापरला. आमच्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत 'आमचे योगदान' या पानावर दाजींचा फळ्यासमोरचा फोटो असे, त्यात त्यांच्या स्वेटरची एक बाही उलटी दुमडलेली. दाजींच्या उभ्या आयुष्याचं हे एक पान. ताईच्या दुकानातही एक प्रत होती, काउंटरखाली. गिऱ्हाईक जरा ओळखीचं निघालं की ती बाहेर काढी.

आणि होता लंबू. हे नाव मी ठेवलेलं नाही, तो पहिल्या वर्षाला आला तेव्हापासूनचं आहे. दारातून येताना मान वाकवायचा, आणि बोलताना एवढा थांबत थांबत बोलायचा की पुढचा शब्द येईपर्यंत माझं एक पत्र टाइप होऊन जाई. दाजींचा विद्यार्थी. त्यांच्याच हाताखाली पदवी घेतली आणि मग शाखेत तात्पुरता शिक्षक म्हणून लागला. तात्पुरता म्हणजे दर उन्हाळ्यात काढायचा आणि सुट्टी संपली की पुन्हा घ्यायचा. वर्षामागून वर्षं तो तात्पुरता राहिला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, केस विरळ झाले, सगळं कायमचं होत गेलं, नोकरी सोडून. दाजींना तो मुलासारखा होता असं म्हणणार नाही. मुलाशी माणूस एवढा वेळ बोलत नाही. सकाळी दोघं फळ्यासमोर उभे राहत. लंबू म्हणे, "सर, ही ओळ... मला... पटत नाही." आणि दाजींचा चेहरा असा उजळे की बघत राहावं.

ही गोष्ट घडली त्या वर्षअखेर दाजी निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा भरायची की सोडून द्यायची, हा सवाल होता. भरली तर लंबूचीच. सोडली तर शाखेला कुलूप. विद्यापीठानं सगळ्याच खात्यांची झाडाझडती घ्यायला बाहेरच्या लोकांची समिती नेमली आणि ती वसंतात येणार असं कळलं. आमच्या खात्याच्या प्रमुख म्हणजे प्रयोगवाल्या बाई. खोल्यांवर त्यांचा डोळा होता, नाही असं नाही, पण मनानं सरळ बाई. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, "तुमचा तो निकाल आणि त्यावर पुढे चाललेलं काम, यावर मी शाखेची बाजू मांडते. दुसरं आपल्याकडे काही नाही." दाजी म्हणाले, "पुरे आहे की."

समिती यायला महिना राहिला असताना, एका सकाळी लंबू दाजींच्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावलं.

माझं टेबल समोरच. सैद्धांतिकवाल्यांची दारं एरवी उघडीच असतात. चोरण्यासारखं असतं काय! दार लागलं म्हणजे चूक. मी मनात म्हटलं, चला, दाजी पुन्हा कुठे तरी दोनानं गुणायचं विसरलेत. पण दार उघडेना. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी लंबू बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि बोळात येताना तो मान वाकवायला विसरला आणि त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं.

संध्याकाळी दाजींना घेऊन मी घरी गेले. ताई दुकान बंद करून आलेली होती. दाजींनी कोट न काढताच सांगितलं. त्यांच्या त्या निकालात दोन गोष्टी अनंत कराव्या लागतात, साखळीची लांबी आणि ऊब पोचायची वाट बघण्याचा वेळ. त्यांनी एका ओळीत या दोन्हींचा क्रम उलटा केला होता. तसा केला तरी चालतो असं त्यांना तेव्हा वाटलं होतं, इतकं सहज वाटलं होतं की तपासलंही नव्हतं. चालत नाही. लंबूनं संगणकावर साखळी लांब लांब करत नेली, तर आकडे आधी जुळले आणि मग हळूहळू गळायला लागले. मग त्यानं ती ओळ शोधून काढली.

"म्हणजे?" ताईनं विचारलं.

"म्हणजे पोचत नाही. ऊब. काहीच पोचत नाही दुसऱ्या टोकाला."

ताईनं दुकानाची किल्ली खुंटीला लावली. मग म्हणाली, "एवढी वर्षं या चुकीनं कुणाच्या पोटात दुखलं नाही. आणखी एक महिना दुखलं नाही तर आभाळ कोसळतंय का? समिती येऊन जाऊ दे, त्या पोराची जागा होऊ दे, मग काय गळा काढायचाय तो काढा."

"त्यालाही तेच वाटतंय," दाजी म्हणाले. "हात धरून म्हणाला, सर, एवढे चार आठवडे."

"मग झालं तर! तो शहाणा आहे."

मीही ताईचीच री ओढली. मी म्हटलं, "दाजी, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. तुमचं काय, तुम्ही चाललात घरी. त्याच्या घरात लहान पोर आहे."

दाजींनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. पण पुढच्या गुरुवारी चहाला ते उठले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चहाला तरी कोण असायचं म्हणा! दाजी, लंबू, खालचे दोन प्रयोगवाले फुकटची बिस्किटं खायला, आणि कपबशा विसळायला मी. तरी दाजी कप हातात धरून बसत आणि चहा निवून जाई. लंबू खाली बघत राही. त्या महिन्यात दाजींनी फळ्यावर काहीही लिहिलं नाही. घरी जेवताना ताईनं दोनदा वाढलं तरी त्यांना कळत नसे, आणि एकदा तर म्हणे मोकळ्या ताटलीतच चमचा फिरवत बसले होते. माणूस खोटं बोलायला शिकला नसेल तर म्हातारपणी शिकायला जाऊ नये. अंगी लागत नाही.

समिती आली. मोठ्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला तिघं पाहुणे, एका बाजूला आमचं खातं. मी कोपऱ्यात, टिपणं घ्यायला. समितीचे अध्यक्ष फार गोड बोलणारे गृहस्थ होते. असे लोक दिसले की मला धडकीच भरते. प्रमुखबाईंनी सैद्धांतिक शाखेची बाजू चांगली मांडली, ते पान दाखवलं, तो फोटो दाखवला. दाजी ताठ बसून होते. मला वाटलं, सुटलो. आणखी पाच मिनिटं गेली की सुटलो.

मग अध्यक्ष म्हणाले, "उत्तम. आणि या निकालावर पुढे काम कोण करतंय? आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडेल."

प्रमुखबाईंनी लंबूकडे हात केला. लंबू उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तो म्हणाला, "सरांच्या निकालाचं... मी... दोन मितींमध्ये..." आणि थांबला. तो नेहमीच थांबतो, कुणाला काही वेगळं वाटलं नसतं. पण मी दाजींकडे बघत होते. स्वतः गप्प राहणं त्यांनी कसंबसं गिळलं होतं. त्या पोराला उभं राहून खोटं बोलावं लागतंय, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. लंबूनं पुढचा शब्द काढायच्या आत दाजी उठले.

"बस खाली," ते लंबूला म्हणाले. मग समितीकडे वळून, आयुष्यभर गुरुवारी म्हणत आले तसंच, सरळ आवाजात म्हणाले, "तो निकाल चुकीचा आहे. चूक माझी. शोधली यानं."

आणि एवढ्यावर थांबले असते तर ते दाजी कसले! खोलीत फळा होता. दाजींनी जाऊन ती ओळ लिहिली, कुठे क्रम उलटला ते दाखवलं, लंबूनं ते कसं पकडलं ते सांगितलं. ही चूक जगात एवढ्या लोकांनी वाचली आणि एकालाही दिसली नाही, ती याला दिसली, असं तीन वेळा सांगितलं. महिनाभर निपचित पडलेला माणूस खडू हातात येताच तरारून उठला होता. समितीतल्या एक बाई थोडंफार समजत असल्यासारख्या पुढे झुकून ऐकत होत्या. अध्यक्षांनी शेवटी हात जोडून म्हटलं, "आपला प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे." हे वाक्य मी टिपणात लिहिलं आणि मला कळलं, आता काही खरं नाही.

बाहेर बोळात दाजींनी मला गाठलं. चेहरा बघवत नव्हता, इतका आनंद. खांद्यावर खडूची पूड. म्हणाले, "धाकटे, काम झालं! आता त्याची जागा पक्की. आपल्या गुरूची एवढी मोठी चूक काढणारा माणूस दुसरा कुठला मिळणार त्यांना? उगाच महिनाभर लपवलं. हीच तर त्याची सगळ्यात मोठी लायकी होती."

मी काय बोलणार? त्यांच्या त्या चार खोल्यांत हे खरं होतं. त्या चार खोल्यांबाहेर ते कुठेच खरं नव्हतं, हे त्यांना साठीतही कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणी सांगायची माझी छाती झाली नाही. लंबू जिन्याजवळ उभा होता. त्याला ते ठाऊक होतं. दाजींनी जाऊन त्याची पाठ थोपटली, आणि तो हसला. अजूनही ते हसू आठवलं की मला राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

अहवाल उन्हाळ्याच्या तोंडावर आला. आधी तो माझ्याच टेबलावर आला, म्हणून दाजींकडे मीच घेऊन गेले. त्यात सैद्धांतिक शाखेवर एकच परिच्छेद होता. शाखेचा प्रमुख निकाल शाखेनंच मागे घेतला आहे. ज्या तात्पुरत्या शिक्षकाची शिफारस केली आहे, त्याचं आजवरचं काम याच निकालावर उभं असल्यामुळे ते विचारात घेता येत नाही. तेव्हा निवृत्तीनं रिकामी होणारी जागा भरू नये, आणि खोल्या गरजू शाखांना द्याव्यात.

समितीला तरी काय, सुंठीवाचून खोकला गेला.

दाजींनी तो परिच्छेद वाचला. मग पुन्हा वाचला. पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याखाली थांबत थांबत वाचला, जसे ते दुसऱ्याचं गणित तपासत. मी दारात उभी. मला वाटत होतं आता ते चिडतील, टेबलावर मूठ आपटतील, एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी. त्यांनी चष्मा काढला.

"यात चूक नाही गं," ते म्हणाले. "एकातून एक बरोबर निघतंय."

मी म्हटलं, "दाजी, खड्ड्यात घाला ते बरोबर!" करार झाल्यानंतर खात्यात त्यांना दाजी म्हटलेलं तेवढं एकदाच.

पुढचं सगळं भराभर झालं. लंबूला त्या उन्हाळ्यात काढलं ते पुन्हा घेतलं नाही. तो एका विमा कंपनीत लागला. पगार इथल्याहून बरा, असं तो सगळ्यांना सांगे, न विचारता. दाजी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी अध्यक्षीय भाषणात त्यांच्या 'सचोटी'चा उल्लेख झाला. निकालाचा कुणी केला नाही, करणार तरी काय? खोल्यांमधली भिंत पाडून खालच्यांचं एक यंत्र वर आणलं. माहितीपुस्तिकेचं ते पान नव्या आवृत्तीत गेलं. ताईनं दुकानातली प्रत काउंटरखालून काढली नाही, पण दाखवायची बंद केली. गुरुवारचा चहा आपोआपच बंद पडला. बिस्किटं खाणारे दोघं तेवढे मला अधूनमधून विचारत.

दाजी घरी बसून काम करायला लागले. जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा त्यांचा. ऊब पोचत नाही, ठीक आहे. मग ती नेमकी कुठे आणि कशी जिरते, ते त्यांना काढायचं होतं. वर्ष-दीड वर्ष लागलं. ताईला वाटायचं, बरं आहे, जीव रमतोय. मला वाटायचं, माणूस घर जळाल्यावर राखेचं वजन करतोय. पण काम पुरं झालं तेव्हा ते पुन्हा जरा माणसात आले. अंगावर इस्त्रीचा सदरा दिसला. मला फोन करून म्हणाले, "लंबूला रविवारी बोलावलंय. एकदा त्याच्या नजरेखालून जाऊ दे. मग पाठवतो."

"दुसऱ्या कुणाला दाखवा की," मी म्हटलं. "जगात काय लंबू एकटाच आहे?"

"पाठवल्यावर जग वाचेल. आधीही वाचलंच होतं जगानं. त्याला दिसलं नव्हतं."

लंबू आला, मुलीला घेऊन. आता तो अंगानं भरला होता, चांगले बूट होते पायात. ताईनं चहा केला. मुलीला मी माझ्याजवळ बसवलं आणि औषधांच्या रिकाम्या डब्या दिल्या रचायला. टेबलावर दाजींनी कागद नीट लावून ठेवले होते आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल. लंबू वाचायला बसला. दाजी समोर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसलेल्या मुलासारखे. लंबूचं बोट ओळींवरून सरकत होतं, पानं उलटत होती. पेन्सिलीला त्यानं हात लावला नाही.

शेवटचं पान उलटून त्यानं कागद एकसारखे केले आणि म्हणाला, "छान झालंय सर. बरोबर आहे सगळं."

न थांबता म्हणाला. एका दमात.

ताई केवढी खूश झाली! "मग! मी म्हणतच होते," असं म्हणून तिनं त्याला आणखी चहा ओतला. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मुलीच्या शाळेच्या, नव्या घराच्या. दाजी हसून हसून उत्तरं देत होते. निघताना त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, लंबूला फाटकापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन खुर्चीत बसले. तिसरं पान काढून त्यांनी समोर ठेवलं.

"इथं चुकलंय," ते म्हणाले. "तो वाचत होता तेव्हाच मला दिसलं. समोरून, उलट्या बाजूनं दिसलं. याच्यापुढचं सगळं गेलं."

ताई म्हणाली, "अहो, मग त्याच्या लक्षात नसेल आलं. नोकरीच्या रगाड्यात सवय राहत नाही."

"आलं लक्षात. या ओळीवर त्याचं बोट थांबलं. मी वाट बघत होतो, आता बोलेल, आता बोलेल." दाजींनी त्या ओळीवर आपलं बोट ठेवलं. "मग त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं."

"पण का?" ताईनं विचारलं.

मला माहीत होतं का ते. ताईलाही असणार. गेल्या खेपेला त्यानं खरं सांगितलं, तेव्हा त्याची नोकरी गेली, दाजींचं आयुष्य गेलं. पुन्हा कशाला सांगेल? म्हाताऱ्याचा रविवार तरी गोड करावा, एवढंच त्याच्या मनात आलं असेल. मी त्याला बोल लावत नाही. मीही तेच केलं असतं.

दाजींनी कागद गोळा केले. चिडले नाहीत, रडले नाहीत. "त्याला माझी दया आली," ते म्हणाले, आणि ताईला टेबल पुसून घ्यायला सांगितलं, जेवायची वेळ झाली होती म्हणून.